ड्रायव्हरच्या नावाने बिल फाडण्याआधी ओव्हरक्लॉक काढा

मे महिना, रविवारची रात्र, साडेअकरा. अकोल्याहून भाच्याचा फोन: "मामा, स्क्रीन गोठली. माउसपण हलत नाहीये. काय करू?" पॉवर बटण दाबून धर म्हटलं. मशीन परत सुरू झालं, पण मागे उघडी असलेली सेमिस्टर प्रोजेक्टची फाइल काही उघडेना. मग साहेबांनी हळूच कबूल केलं की आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर आलेला एक 'फिक्स' त्यांनी करून पाहिला होता. तो मेसेज मलाही ऑफिसच्या ग्रुपवर आला होता. मी न वाचता पुढे सरकलो होतो, त्यामुळे चिडचिड थोडी स्वतःवरही आहे.

मेसेज थोडक्यात असा: गेम खेळताना स्क्रीन काळी होऊन 'डिस्प्ले ड्रायव्हर स्टॉप्ड रिस्पॉन्डिंग' असं येत असेल, तर दोष ड्रायव्हरचाच, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. सोबतची रजिस्ट्री फाइल (विंडोजच्या आतली सेटिंग्ज बदलणारी) डबल-क्लिक करा, 'टीडीआर लेव्हल' शून्य होईल आणि क्रॅश कायमचे बंद. तरी होत असतील तर व्होल्टेज थोडं वाढवा. एक्सएमपीला (रॅमचा वेग वाढवणाऱ्या सेटिंगला) हात लावू नका, ते ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे चिप ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं, नव्हेच. फुकटचा ड्रायव्हर अपडेटर टाका. आणि १० मिनिटांची स्ट्रेस टेस्ट (मशीनवर पूर्ण ताण देणारी चाचणी) पास झाली की ओव्हरक्लॉक पक्का.

सगळ्यात घातक ती रजिस्ट्री फाइल, म्हणून आधी तिचंच बघू.

टीडीआर म्हणजे टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी. व्हिस्टापासून ही सोय विंडोजमध्ये आहे. ग्राफिक्स कार्डाला दिलेलं काम २ सेकंदांत उरकलं नाही आणि मध्येच थांबवताही आलं नाही, तर कार्ड अडकलं असं धरून विंडोज ड्रायव्हर आणि कार्ड दोन्ही रीसेट करते. गेम बहुतेक वेळा मरतो, पण डेस्कटॉप परत येतो, उघड्या फाइली वाचतात. रीसेट जमलाच नाही, किंवा एका मिनिटात ५ पेक्षा जास्त वेळा असं झालं, तर निळी स्क्रीन येते. आता लेव्हल शून्य केली की काय होतं? कार्ड अडकायचं तसं अडकतंच, फक्त ते अडकलंय हे बघायला कोणी उरत नाही. मेसेज येत नाही, लोक म्हणतात 'फिक्स झालं', आणि पुढच्या वेळी अख्खं मशीन ठप्प. मग बटण दाबून जबरदस्तीने बंद करणं आलं, आणि तेव्हा डिस्कवर काही लिहिणं चालू असेल तर त्या फाइलचं नशीब. पूर्वी फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारे एक काका प्रत्येक वाड्यात असायचे. त्यांचीच ही डिजिटल आवृत्ती.

हे माझं मत नाही. मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हर डॉक्युमेंटेशनमध्ये या नोंदींचं वेगळं पान आहे. त्यावर स्वच्छ लिहिलंय की या नोंदी फक्त चाचणी आणि डीबगिंगसाठी (दोष शोधण्यासाठी) आहेत, त्यापलीकडे कोणत्याही ॲप्लिकेशनने त्यांना हात लावू नये. ज्यांनी ही व्यवस्था बनवली तेच नको म्हणतायत, आणि आपण कुणा अनोळखी माणसाची फाइल ॲडमिनच्या हक्काने चालवतोय!

एक अर्धसत्य नाइलाजाने मान्य करतो. 'टीडीआर डिले', म्हणजे ते २ सेकंद वाढवणं, काही ठिकाणी रास्त आहे. सबस्टन्स पेंटरसारख्या थ्रीडी सॉफ्टवेअरचे बनवणारेच तसं सुचवतात, कारण तिथे एकेक हिशेब खरोखर लांबतो. पण वेळ वाढवणं वेगळं आणि पहारा उठवणं वेगळं. शिवाय भाचा थ्रीडी करत नव्हता, गाड्या पळवत होता.

रिमोटवरून त्याचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला. सिस्टिम लॉगमध्ये ४१०१ क्रमांकाच्या नोंदी, म्हणजे 'ड्रायव्हर थांबला आणि सावरला'. जानेवारी ते मार्च एकही नाही. एप्रिलच्या मध्यापासून आधी आठवड्याला एखादी, मेमध्ये एकेका संध्याकाळी तीन-चार. ड्रायव्हर मात्र डिसेंबरपासून तोच. विचारलं, ओव्हरक्लॉक? "तो तर कधीच काढला, मामा." आफ्टरबर्नर, म्हणजे कार्डाचा वेग बदलायचं सॉफ्टवेअर, उघडायला लावलं. कोअर +१५० मेगाहर्ट्झ, मेमरी +८००, आणि 'विंडोज सुरू होताना लागू करा' या खुणेवर टिक. दर वेळी हा शून्यावर आणायचा, आणि रीस्टार्ट झाला की प्रोफाइल परत बसायचं. सेटिंग केलं होतं जानेवारीत, स्वेटर घालून. आता अकोल्याचा मे, खोलीत पंखा, आणि कॅबिनेटची मागची बाजू भिंतीला चिकटलेली. थंडीत काठावर टिकलेला वेग उन्हाळ्यात टिकत नाही, यात ड्रायव्हर बिचारा काय करणार?

तर क्रम असा: आधी सगळं मूळ सेटिंगवर आणा, कार्ड, प्रोसेसर, रॅम, सगळं. कार्डाच्या खोक्यावर 'ओसी' लिहिलं असेल तर ते कारखान्यातूनच वाढवून आलेलं असतं. शंका असेल तर कोअर ५० मेगाहर्ट्झ खाली आणून बघा. क्रॅश थांबले तर चोर सापडला.

व्होल्टेज वाढवा म्हणणाऱ्यांना एकच हिशेब. त्याच वेगाला चिपचा वीजखप साधारण व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढतो. १ व्होल्टचे १.१ केले की खप २१ टक्के जास्त, आणि तो सगळा उष्णता होऊन बाहेर. उन्हाने कोसळणाऱ्या मशीनला शेकोटी द्यायची म्हणजे कमाल झाली.

एक्सएमपी ओव्हरक्लॉकिंगच आहे. इंटेल आणि एएमडी या प्रोसेसर कंपन्याही तसंच मानतात, एएमडीच्या एक्स्पो या तशाच सेटिंगचंही तेच. खोक्यावर ६००० चा वेग लिहिला असला तरी डीडीआर५ रॅमची मूळ प्रमाणित सुरुवात ४८०० ची. बहुतेक ठिकाणी ते नीट चालतं, कबूल. पण क्रॅश शोधताना ते बंद करून मेमटेस्ट (रॅमची चाचणी) रात्रभर चालवायला काय हरकत आहे?

आणि 'दोष ड्रायव्हरचाच'? कधी कधी असतो. मार्च २०१० मध्ये ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाला १९६.७५ हा ड्रायव्हर पंख्याच्या गडबडीमुळे मागे घ्यावा लागला होता. पण उलटंही बघा. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या मशीनवर गेम 'व्हिडिओ मेमरी संपली' म्हणून पडत होते, लोक कार्डाला शिव्या देत होते, आणि एप्रिलमध्ये एनव्हिडियाने ड्रायव्हरसोबत सांगितलं की इंटेलला विचारा. जुलैत इंटेलने मान्य केलं की मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) प्रोसेसरला जास्त व्होल्टेज मागायला लावत होता. ऑगस्टमध्ये बायोस (मदरबोर्डच्या सॉफ्टवेअरच्या) अपडेटमधून दुरुस्ती आली, वॉरंटी २ वर्षं वाढली. आधीच बिघडलेले प्रोसेसर मात्र त्याने सुधारले नाहीत. म्हणजे मेसेज कार्डाच्या नावाचा आणि दुखणं प्रोसेसरचं.

फुकटच्या ड्रायव्हर अपडेटरबद्दल काय बोलायचं, नका टाकू. ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घ्या. जुना पुसायचाच असेल तर सेफ मोडमध्ये डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर). आणि १० मिनिटांची टेस्ट? भाच्याचं मशीन तीही पास झालं होतं. गेम पडायचा चाळिसाव्या मिनिटाला, खोली तापल्यावर.

ज्यांनी ती फाइल चालवली आहे त्यांनी रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, ग्राफिक्स ड्रायव्हर्स इथे जाऊन टीडीआर लेव्हलची नोंद काढावी आणि रीस्टार्ट करावं. भाच्याकडून तेवढंच करून घेतलं, आफ्टरबर्नरची टिक काढली, कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढायला लावलं. दोन आठवडे झाले, ४१०१ ची नवी नोंद नाही. प्रोजेक्टची फाइल मात्र गेली ती गेलीच. रात्र जागून त्याने परत लिहिली.