आजचे संरक्षण मॅराडोनाला मिळाले असते तर!
लेखात म्हटलंय की पेले, मॅराडोना आजच्या फुटबॉलच्या वेगात टिकले नसते. अजिबात पटलं नाही. त्या काळी त्यांना काय सोसावं लागायचं ते आधी बघा. १९६६ च्या विश्वचषकात पोर्तुगालच्या बचावपटूने पेलेला लागोपाठ दोनदा आडवं केलं. पिवळं-लाल कार्ड नव्हतं, बदली खेळाडू नव्हता, त्यामुळे पेले उरलेला सामना लंगडत खेळला. दोन्ही सोयी विश्वचषकात आल्या त्या १९७० मध्ये. १९८३ मध्ये स्पेनमधल्या बिल्बाओ क्लबच्या गोइकोएचेआ या बचावपटूने मागून येऊन मॅराडोनाचा घोटा मोडला. आज तशा टॅकलला थेट लाल कार्ड मिळतं.

आणि १९८६ च्या विश्वचषकातला मॅराडोनाचा इंग्लंडविरुद्धचा तो दुसरा गोल परत एकदा सावकाश बघा. मेक्सिकोतल्या अझ्टेका स्टेडियमचं मैदान उंचसखल, तरी स्वतःच्या अर्ध्या मैदानातून निघालेला चेंडू डाव्या पायापासून वीतभरही सुटत नाही. गोलरक्षक शिल्टनलाही चकवून मगच गोल! हाच माणूस आजच्या गालिच्यासारख्या गवतावर, पंचांचं आणि व्हीएआरचं (व्हिडिओ बघून निर्णय तपासणाऱ्या पंचांचं) संरक्षण घेऊन उतरला तर?

फिटनेसचं म्हणणं मात्र मान्य. चेंडू गेला की तो परत मिळवायला लगेच प्रतिस्पर्ध्यावर दबाव टाकत धावणं मॅराडोनाला जड गेलं असतं. पण मेस्सीसुद्धा बराच वेळ चालतच असतो की, आणि २०२२ चा विश्वचषक त्यानेच उचलला.