शिक्षेलाही प्रवेश परीक्षा

आमच्या लहानपणी ‘बोर्डिंगात टाकीन’ ही धमकी फुकट मिळायची. वडिलांनी ती द्यायची, आपण निमूट दुधीची भाजी संपवायची, विषय मिटला. ते बोर्डिंग नेमकं कुठे असतं हे वडिलांनाही ठाऊक नसे. तीच धमकी मी यंदा आठवीतल्या चिरंजीवांना दिली, तर मोबाइलमधून मान वर न काढता ते म्हणाले, “कुठल्या? एका खोलीत किती जण?”

बायकोने ही संमती मानली आणि शाळाशोधन सुरू झालं.

साताऱ्याच्या मेहुण्यांना फोन गेला. “सैनिक स्कूल! दुसरं काही बघूच नका. 1961 सालचं, देशातलं पहिलं!” फोनवरही ते सावधानमध्ये उभे असावेत. कॉलेजात असताना एनसीसीचा कॅम्प अर्धवट सोडून हेच मेहुणे एसटीने घरी आले होते, पण सासरी असल्या गोष्टी काढायच्या नसतात. आमच्या वडिलांचं मत नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलला. 1937 पासूनची परंपरा, शिवाय घोड्यावर बसायला शिकवतात म्हणे. ज्याला सोफ्यावरून उठवायला घरातली तीन माणसं लागतात त्याला घोड्यावर चढवायचं कोणी, हा प्रश्न मी गिळला. शेजारच्या काकांनी नवोदय सुचवलं. तिथे खर्च जवळजवळ नाहीच, पण मुख्य प्रवेश सहावीला आणि किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागासाठी. आम्ही कोथरूडचे. कोथरूड हे गाव होतं तेव्हाच अर्ज करायला हवा होता.

मग पाचगणी. पसरणी घाटात चिरंजीवांना गाडी लागली, त्यामुळे पहिल्या शाळेत आम्ही लिंबू चोखत शिरलो. नाव सांगत नाही, पण माहितीपत्रक लग्नाच्या अल्बमएवढं जाड आणि मुखपृष्ठावर उमदा पांढरा घोडा. (तोच घोडा, कपाळावरच्या तपकिरी ठिपक्यासकट, दुपारी टेबललँडवर एका गुजराती कुटुंबाला फिरवताना दिसला.) फीचा आकडा तिथल्या बाईंनी तोंडाने सांगितला नाही. कागदावर लिहिला, कागद पालथा घातला आणि माझ्याकडे सरकवला. मी तो उचलून पाहिला आणि तसाच पालथा ठेवला.

परतीच्या वाटेवर चिरंजीवांना एकदम उत्साह आला. “बाबा, ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत होता! त्याचा पहिला बँड तिथेच निघाला, द हेक्टिक्स!” मागच्या सीटवर सासूबाई होत्या. त्यांनी नातवाकडून मोबाइल घेतला, फोटो नीट निरखला, त्या मिशा, ते बनियन, आणि पाचगणी यादीतून कायमची गेली.

उरलं सैनिक स्कूल. खरं सांगायचं तर मला ते पहिल्यापासून पटत होतं. जे मी चौदा वर्षांत करू शकलो नाही ते एखादा सुभेदार सकाळी साडेपाचला एका शिट्टीत करील, हीच माझी शिक्षणाविषयीची भूमिका. नववीच्या प्रवेशाला वय तेरा ते पंधरा लागतं, ते बसत होतं. पण तिथे ‘टाकता’ येत नाही. अखिल भारतीय परीक्षा असते. 150 प्रश्न, 400 गुण, त्यातले निम्मे एकट्या गणिताचे. गणितात काही होत नाही म्हणून ज्याला बोर्डिंगात धाडायचं, त्याला बोर्डिंगात जाण्यासाठीच गणित यायला हवं! आमच्या वडिलांना धमकी देताना एवढी पात्रता पाहावी लागली असती, तर दुधीची भाजी पातेल्यातच राहिली असती.

तेव्हा या परीक्षेच्या क्लासला गेलो. सरांनी मुलाला पंचवीसचा पाढा म्हणायला लावला आणि सव्वाशेनंतर थांबवलं. “घरी राहून हे जमणार नाही. याला आमच्या निवासी बॅचलाच घाला. मुलं इथेच राहतात, पहाटे पाचला उठतात, मोबाइल जमा.”

मी लगेच खिशातून पेन काढलं.

“असं थेट नाही घेत आम्ही,” सर म्हणाले. “आधी चाचणी द्यावी लागेल.”

रविवारी दहाला आहे. आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो आणायला सांगितलेत.