अलास्काचं टपाल एका रात्रीत विमानात चढलं नाही

'1924 साली बेन आयल्सन या वैमानिकाने अलास्कात जगातलं पहिलं हवाई टपाल नेलं. त्याआधी तिथल्या गावांना महिनोन्महिने जगाची खबर नसे. विमान पाहून अडाणी एस्किमो देव आला म्हणून पळत सुटले आणि कुत्र्यांच्या गाड्या एका रात्रीत इतिहासजमा झाल्या.' हा मजकूर बरेच दिवस फिरतोय. तिकडे दुर्लक्ष केलंही असतं, पण आता माझी भाची तो शाळेतल्या भाषणासाठी पाठ करतेय. त्यामुळे गप्प बसवत नाही.

जगातलं पहिलं? 18 फेब्रुवारी 1911 रोजी आंरी पेके हा फ्रेंच वैमानिक सुमारे साडेसहा हजार पत्रं घेऊन अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला उतरला. हे आपल्या देशात घडलं आणि आपणच विसरावं, याचा राग येतो.

अलास्कातलं पहिलं अधिकृत हवाई टपाल आयल्सनचं, एवढं मात्र मान्य. 21 फेब्रुवारी 1924 ला तो फेअरबँक्सहून मॅक्ग्राला गेला. कुत्र्यांच्या गाडीला जिथे अठरा-वीस दिवस लागत, तिथे तो तीन तासांच्या आत पोचला. मोठंच धाडस होतं ते. पण परतताना अंधार पडला, तो वाट चुकला आणि फेअरबँक्सला उतरताना विमान मोडलं. पुढेही मोडतोड होत राहिली, तेव्हा टपाल खात्याने त्याच वर्षी प्रयोग थांबवला. हा भाग फॉरवर्डमध्ये कुठेच नाही.

खबर नसे, हेही अर्धंच. पत्रं हिवाळ्यात फार रखडत, हे खरं. पण अमेरिकी लष्कराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अलास्कात तारायंत्र पोचवलं होतं.

आता तो 'देव आला'चा प्रकार. याची सर्वांत जास्त चीड येते, कारण ज्यांनी वर्षानुवर्षं टपाल वाहिलं त्यांनाच यात अडाणी ठरवलंय. फेअरबँक्समध्ये विमान उडालं ते 1913 साली. 1920 मध्ये लष्कराची चार विमानं न्यू यॉर्कहून थेट अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नोम गावापर्यंत येऊन गेली होती. म्हणजे आयल्सन काही आभाळातून अवचित अवतरला नव्हता. आणि या मुलखातलं टपाल वाहणाऱ्यांत अथाबास्कन, युपिक अशा स्थानिक समाजांची माणसं होती. नदी कुठे गोठली आहे, कुठे बर्फाखाली पाणी वाहतंय, वादळात कुत्री कुठे थांबवायची, हे त्यांना ठाऊक होतं.

आयल्सनच्या उड्डाणानंतर वर्षभरातच, जानेवारी 1925 मध्ये, नोमला घटसर्पाची साथ आली. तिथले डॉ. कर्टिस वेल्च यांनी तारेने घटसर्पावरचं प्रतिविष (अँटिटॉक्सिन) मागवलं. विमानाने पाठवायचा विचार झालाही, पण तिथली विमानं उघड्या कॉकपिटची, हिवाळ्यासाठी सुटी करून ठेवलेली, आणि आयल्सन त्या वेळी अलास्कात नव्हता. गव्हर्नरांनी कुत्र्यांच्या गाड्यांवर भरवसा ठेवला. रेल्वेने नेनानाला आलेलं प्रतिविष वीस चालकांनी हातोहात सुमारे 1,085 किलोमीटर नेलं आणि साडेपाच दिवसांत नोमला पोचवलं. त्यांतले बरेचसे स्थानिक समाजांतले होते. चार्ली इव्हान्सची दोन कुत्री थंडीने निकामी झाली, तेव्हा तो स्वतःला गाडीला जुंपून चालला. पुतळा मात्र शेवटच्या टप्प्यात गाडी ओढणाऱ्या बाल्टो कुत्र्याचा, न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कात. माणसांची नावं फारशी कुणाला माहीत नाहीत आणि वर हा मजकूर म्हणतो, ते पळाले.

'एका रात्रीत' या शब्दांना उत्तर म्हणून वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय टपाल संग्रहालयातली एक लाकडी गाडी पुरेशी आहे. ती एड बीडरमन यांची. युकॉन नदीवरच्या सर्कल ते ईगल या मार्गावर त्या कुटुंबाने कुत्र्यांच्या गाडीने टपाल नेलं. एड यांच्यानंतर त्यांचा मुलगा चार्ली हे काम करू लागला आणि ते कंत्राट विमानाकडे गेलं 1938 साली. म्हणजे त्या 'एका रात्री'नंतर चौदा वर्षांनी.

तेही शेवटचं नव्हतं. बेरिंग समुद्रातल्या सेंट लॉरेन्स बेटावर चेस्टर नूंगवूक हे युपिक गृहस्थ 1963 पर्यंत कुत्र्यांच्या गाडीने टपाल वाहत होते.