शॉर्टकट कसले, बोटांची सर्कस!

सॉफ्टवेअर बनवणारे सांगतात म्हणे, “कंट्रोल आणि स्लॅश दाबा, झालं!” झालं काय, डोंबल? जर्मन कीबोर्डवर स्लॅश बसलाय शिफ्ट-७ वर. चौकोनी कंस हवाय? ऑल्ट-जीआर (स्पेसबारच्या उजवीकडची, जादा चिन्हं काढायची की) धरून ८. फ्रेंच कीबोर्डवर तर साध्या आकड्यालाही शिफ्ट लागतं!

आणि शॉर्टकट म्हणून कंट्रोल-ऑल्ट-एल ठेवणारे महाभाग? अहो, विंडोजमध्ये ऑल्ट-जीआर म्हणजेच कंट्रोल-ऑल्ट. पोलिश माणूस बिचारा ऑल्ट-जीआर आणि एल दाबून आपला रेघवाला एल (ł) टाइप करायला जातो आणि यांची कुठलीतरी खिडकी टपकन उघडते. (त्याने नाव-आडनाव लिहायचं तरी कसं?) बॅकटिकचं (` या चिन्हाचं) विचारूच नका, कित्येक ठिकाणी ती डेड की, म्हणजे दाबली तरी पुढची की दाबेपर्यंत ढिम्म.

स्वतःच्या टेबलापलीकडचा कीबोर्ड कधी पाहिलाय का यांनी? वर मिरवतात, ‘सहज लक्षात राहणारे शॉर्टकट’! एफ-२ सारखी साधी एकटी की काय चावते का?