खुलासा : चहाचा कागदी कप रद्दीत जात नाही

‘कागदी कप कागदाचाच, तो रद्दीच्या डब्यात टाका’ असा संदेश सध्या सरकारी कार्यालयांच्या गटांमध्ये फिरतो आहे. हेतू चांगला असला तरी माहिती चुकीची आहे.

चहा झिरपू नये म्हणून या कपाला आतून बहुधा पॉलिथिनचा पातळ थर दिलेला असतो. कप पाण्यात भिजवून फाडला की तो पापुद्रा दिसतो. लगदा करताना हा थर सुटा करायला वेगळी यंत्रणा लागते आणि ती साध्या कागद कारखान्यात नसते. शिवाय कपात उरलेला घोटभर चहा शेजारची कोरडी, चांगली रद्दीही भिजवतो. मोठ्या कार्यालयात खरं नुकसान इथेच होतं, कारण तिथे फायलींचा स्वच्छ कागद भरपूर निघतो आणि त्याचा पुनर्वापर सहज होतो.

प्लास्टिकचा थर असलेल्या कपांवर महाराष्ट्राने जुलै 2022 मध्येच बंदी घातली आहे. त्यामुळे ‘कप कुठे टाकायचा’ यापेक्षा ‘तो कार्यालयात येतोच कसा’ हे आधी विचारायला हवं. कँटीनमध्ये काचेचे किंवा स्टीलचे पेले आणि धुण्याची सोय मागा. तो संदेश मात्र पुढे पाठवू नका.