अण्णांची स्कोअरबुकं आणि जोश गिब्सन

अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या पीएनसी पार्क या बेसबॉलच्या मैदानात मी नेहमी वरच्या मजल्यावर बसते. तिथली तिकिटं स्वस्त, आणि समोर नदीवरचे पिवळे पूल दिसतात. मांडीवर स्कोअरकार्ड, हातात पेन्सिल. बाकीचे लोक हॉट डॉग खात असतात, मी चौकोन भरत असते. बॅटर तीन स्ट्राइकवर बाद झाला की चौकोनात 'के' लिहायचा. बॅट न फिरवता तो नुसता बघत राहिला असेल, तर तोच के उलटा काढायचा, आरशात दिसावा तसा. हे मला शिकवलं शेजारच्या खुर्चीवर येणाऱ्या एका निवृत्त पोलाद कामगाराने. म्हातारा मोठा काटेकोर. मी एकदा चुकीच्या चौकोनात हिट नोंदवली, तर त्याने पूर्ण इनिंग माझ्याशी अबोला धरला.

हा के आला कुठून? हेन्री चॅडविक नावाच्या वार्ताहराकडून. 'स्ट्रक'मधलं शेवटचं अक्षर त्याने उचललं. चॅडविक मूळचा इंग्लंडमधल्या एक्सिटरचा. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी तो क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. 1856 च्या सुमारास बेसबॉल त्याच्या मनात भरला, आणि क्रिकेटचा धावफलक नजरेसमोर ठेवून त्याने बेसबॉलचा 'बॉक्स स्कोअर' रुजवला. म्हणजे अमेरिकेच्या या आकड्यांच्या वेडाचं मूळ आपल्याच खेळात आहे. म्हाताऱ्याला हे सांगितलं तेव्हा त्याने खांदे उडवले. तो विषय मग आम्ही पुन्हा काढला नाही.

मला मात्र तो के बघितला की अण्णा आठवतात. माझे वडील. कोल्हापुरात एका क्लबाचे ते हौशी स्कोअरर होते. रविवारी सकाळी पायजम्याच्या खिशात लाल-निळी पेन्सिल टाकून निघायचे आणि संध्याकाळी उन्हाने रापून परत यायचे. चौकार निळ्याने, विकेट लालने. घरी आल्यावर जेवायच्या आधी बेरजा जुळवायच्या. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर धावा बरोबर एकूण धावा हे जमेपर्यंत आईने ताट वाढायचं नाही, असा अलिखित नियम होता. अशी वीस-पंचवीस स्कोअरबुकं घरी होती. 2009 मध्ये जुनं घर सोडताना ती रद्दीत गेली. मी तेव्हा इथेच होते आणि फोनवर "काय ठेवायचं ते तुम्हीच ठरवा" असं म्हणाले होते. ते वाक्य माझं, रद्दीवाल्याचं नव्हे.

हे सगळं वर आलं ते कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या भांडणामुळे. कुणीतरी पालवणकर बाळूंचा, शंभर वर्षांपूर्वीच्या दलित क्रिकेटपटूचा, फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, भारताचा पहिला महान गोलंदाज. अर्ध्या तासात तीन प्रकारची उत्तरं आली. एक: खेळात जात कशाला आणता? दोन: त्या काळचे सामने ते काय, साहेब लोक हवापालट म्हणून खेळायचे, त्या आकड्यांना काय अर्थ? तिसरं मला उद्देशून: "अगं, तू तिकडे बसून बेसबॉल बघ. इथलं आम्ही बघतो."

तर बेसबॉलचंच सांगते.

29 मे 2024 रोजी मेजर लीग बेसबॉलने, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगने, आपल्या विक्रमांच्या यादीत निग्रो लीगचे आकडे अधिकृतपणे मिसळले. गोऱ्यांच्या संघांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, तेव्हा त्यांनी आपल्या लीग उभ्या केल्या. 1920 ते 1948 या काळातल्या अशा सात लीग, आणि त्यांतले 2,300 हून अधिक खेळाडू. एका रात्रीत बॅटिंग सरासरीच्या यादीतलं पहिलं नाव बदललं. गोऱ्यांच्या लीगमधल्या टाय कॉबचे .367 खाली गेले आणि वर आला जोश गिब्सन, .372. (क्रिकेटवाल्यांसाठी: बॅटिंगच्या मोजलेल्या दर हजार संधींत 372 हिट. दहात तीन जमले तरी बेसबॉलमध्ये माणूस मोठा समजला जातो.) एका हंगामाचा विक्रमही त्याच्याच नावावर लागला, 1943 चे .466.

गिब्सन आमच्या गावचा. जन्म जॉर्जियातला, पण वाढला पिट्सबर्गमध्ये. तो खेळला ते होमस्टेड ग्रेज हे नाव नदीकाठच्या पोलाद कारखान्यांच्या गावाचं, आणि त्या संघाची सुरुवातही कृष्णवर्णीय पोलाद कामगारांच्या संघातूनच झालेली. 20 जानेवारी 1947 रोजी तो गेला, वय वर्षं 35. तीन महिनेही झाले नव्हते आणि 15 एप्रिलला जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूने मेजर लीगमधल्या ब्रुकलिनकडून खेळून रंगाची भिंत पाडली. गिब्सनच्या थडग्यावर 1975 पर्यंत दगडसुद्धा नव्हता. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याच्या वडिलांनी त्याला खेळताना पाहिलं होतं. "आमच्या बाबांच्या लेखी तो पहिलाच होता," एवढंच म्हातारा म्हणाला, आणि पेन्सिलीला टोक काढायला लागला.

ग्रुपवरचे सगळे आक्षेप इथेही घेतले गेले, शब्द तेवढे वेगळे. निग्रो लीगचे हंगाम लहान, साठ-ऐंशी सामन्यांचे, मग त्यांची सरासरी 154 सामन्यांच्या हंगामाशी कशी तोलायची? प्रश्न रास्त आहे. पण 2020 च्या कोविडच्या वर्षी मेजर लीगचाही हंगाम 60 सामन्यांचाच झाला, आणि त्याचे आकडे कुणी बाजूला काढले नाहीत. दुसरा आक्षेप दर्जाचा. 1969 मध्ये एका समितीने कोणत्या लीग 'मेजर' हे ठरवलं. त्यात 1884 ची युनियन असोसिएशन घेतली. ही लीग जेमतेम एक हंगाम टिकली, मधेच संघ बुडाले, दर्जाबद्दल अभ्यासक आजही कुरकुरतात. ती चालली. निग्रो लीगचा मात्र त्या समितीने विचारही केला नाही. नाकारायला आधी विषय पटलावर यावा लागतो, तो आलाच नाही. मला यातलं सगळ्यात बोचरं हेच वाटतं.

आणि आकडे म्हणजे दगडावरची रेघ असं ज्यांना वाटतं त्यांनी शिकागोच्या हॅक विल्सनकडे बघावं. 1930 च्या हंगामात त्याच्या फटक्यांवर 190 धावा आल्या, असं सगळी पुस्तकं सांगत होती. त्यातली एक धाव चुकून दुसऱ्याच्या खात्यावर पडली होती. 1999 मध्ये ती परत केली गेली, 191 झाल्या. एक धाव, 69 वर्षांनी! उलटंही घडतं. खुद्द कॉबच्या 1910 च्या हंगामातला एक सामना दोनदा मोजला गेला, हे 1981 मध्ये उघड झालं, पण बेसबॉलच्या कमिशनरने, म्हणजे लीगच्या प्रमुखाने, आकडा बदलायला नकार दिला. म्हणून काही पुस्तकांत तो .367 आणि काहींत .366. म्हणजे ज्याला गिब्सनने मागे टाकलं, त्याचाच आकडा अजून डळमळतोय.

मी पेशाने हिशेबनीस आहे. मला या देशाचं जे कौतुक वाटतं ते एवढंच, की इथे हिशेब पुन्हा उघडतात. माणुसकीचा उमाळा आला म्हणून हे झालं नाही. हौशी संशोधकांनी वर्षानुवर्षं जुन्या कृष्णवर्णीय वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म तपासून एकेक बॉक्स स्कोअर गोळा केला. 1971 मध्ये अशा हौशींनी एक संस्था काढली. 1989 पासून 'रेट्रोशीट' नावाचा उद्योग सुरू झाला. प्रत्येक सामन्याचा चेंडूगणिक, जमेल तेवढा इतिहास जमवायचा, आणि तो फुकट वाटायचा. आकडेवारीचा नवा विचार मांडणारा बिल जेम्स लिहायला लागला तेव्हा कॅन्ससमध्ये डबाबंद घेवड्याच्या कारखान्यात रात्रपाळीचा राखणदार होता. अण्णांचेच भाऊबंद म्हणायचे हे सगळे.

शिवाय हिशेब नीट केला की तो भावनेच्या बाजूनेच निघतो असंही नाही. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममधल्या गिब्सनच्या पाटीवर जवळपास 800 होम रन (आपल्या षटकारासारखे फटके) असं कोरलेलं आहे. अधिकृत यादीत त्याच्या नावावर आहेत 174. बाकीचे गावोगाव फिरून खेळलेल्या सामन्यांतले, ते धरलेले नाहीत. लीगच्या सामन्यांचीही सगळी कागदपत्रं मिळालेली नाहीत, पाऊणच्या आसपासच हाती लागली आहेत. दंतकथेतले सहाशे होम रन गेले आणि सरासरीत पहिला नंबर आला. म्हाताऱ्याला 174 चा राग आहे. मला नाही.

आता बाळूंकडे येते. चांभार समाजातला मुलगा, जन्म धारवाडचा, 1876 चा. पुण्यात इंग्रजांच्या क्लबाच्या खेळपट्टीची निगा राखायला महिना चार रुपयांवर होता, आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. फलंदाजी मात्र त्याला देत नसत. हिंदू संघात घेतला तो जिंकायचं होतं म्हणून. मैदानावर सगळे त्याच्या हातचा चेंडू घ्यायचे, चहाच्या वेळी त्याचा कुल्हड वेगळा आणि तोही बाहेर. 1911 मध्ये भारताचा संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, बाळूंनी त्या दौऱ्यात 114 बळी घेतले, सरासरी 18.84. प्रथम श्रेणीतली त्यांची सगळी मिळकत 33 सामन्यांत 179 बळी, सरासरी 15.21. आणि हे लक्षात घ्या की प्रथम श्रेणीचा पहिला सामना मिळाला तेव्हा ते तिशीला टेकले होते. त्याआधीची दहा वर्षं पुण्यामुंबईच्या क्लब सामन्यांतली, त्यांची बेरीज कोणत्याच यादीत नाही.

"खेळात जात आणू नका" म्हणणाऱ्या मित्राला मी एवढंच विचारलं, की बाळू खेळले त्या मुंबईच्या स्पर्धेतल्या संघांची नावं काय होती? हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन. 1937 पासून त्यात 'द रेस्ट', म्हणजे उरलेले. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ते उरलेल्यांत. 1943-44 च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध संघाच्या 387 पैकी 309 धावा त्यांच्या एकट्याच्या. हे सामने आजही प्रथम श्रेणीत मोजतात. धावफलकाच्या मथळ्यावरच धर्म छापला होता, मी तो आणायची गरज काय? बाळूंना हिंदू संघाचं कर्णधारपद कधीच दिलं नाही. धाकटे भाऊ विठ्ठल यांना ते 1923 मध्ये मिळालं, तेही आधी मोठा वाद होऊन. विठ्ठलरावांनी मराठीत आत्मचरित्र लिहून ठेवलंय. ग्रुपवरच्या किती जणांनी ते पाहिलंय, हे मी विचारलं नाही, कारण मीही चाळिशीनंतरच पाहिलं.

बाळूंची आणखी एक पंचाईत आहे, ती गिब्सनची नाही. 1937 च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. त्यामुळे एका बाजूला ते जातीमुळे नकोसे, दुसऱ्या बाजूला त्या निवडणुकीमुळे अवघड. असा माणूस फोटोपुरता बरा. 179 बळींना निवडणूक लढवावी लागली नव्हती, पण आपल्याकडे एवढं वेगळं करून बघायची सवय नाही.

इथल्या मराठी मंडळींचंही सांगायला हवं, नाहीतर मी तिकडच्यांनाच दोष देतेय असं वाटेल. मंडळाच्या सहलीत मी गिब्सनची गोष्ट सांगितली. सगळे हळहळले. एका काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच उत्साहात मी कुल्हडावर आले, तर दोघांना एकदम मिसळीचा रस्सा गरम करायचा आठवला. दुसऱ्याच्या घरच्या अन्यायावर रडायला पैसे पडत नाहीत. पस्तीस वर्षांची होईपर्यंत मीही असाच रस्सा गरम करत होते.

अण्णांकडे बाळूंची गोष्ट नव्हती. त्यांची गोष्ट होती भाऊसाहेब निंबाळकरांची, कारण ते कोल्हापूरचे. डिसेंबर 1948, पूना क्लबचं मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद 443, संघ 4 बाद 826. ब्रॅडमनचा 452 चा विक्रम मोडायला हव्या होत्या दहा धावा. मध्यंतरात काठियावाडने सामना सोडला आणि संघ निघून गेला. अण्णा हे सांगताना दरवेळी काठियावाडच्या कर्णधार राजेसाहेबांना शिव्या घालायचे, त्या मी इथे लिहीत नाही. निंबाळकर कधी कसोटी खेळले नाहीत. पण त्यांचे 443 कुणी पुसू शकलं नाही, कारण तिथे स्कोअरर बसला होता आणि त्याचं पुस्तक शाबूत राहिलं. अण्णांना निंबाळकरांइतकाच त्या अनोळखी स्कोअररचा अभिमान होता. त्याच्या बेरजा जुळल्या असतील ना, असं ते मनापासून विचारायचे.

मुंबईत आनंदजी डोसांसारख्यांनी क्रिकेटची आकडेवारी जन्मभर सांभाळली, पण आपल्याकडे ते एकेकट्याचं व्रत राहतं. जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली ग्रंथालयांत आहेत, त्यांचे कोपरे गळून पडतायत. पाच-सहा जणांनी वाटून घेऊन 1896 ते 1905 चे पुण्यामुंबईचे क्लब सामने जरी काढले तरी बाळूंच्या त्या दहा वर्षांचं काही हाती लागेल. कदाचित त्यांचे बळी आपण ऐकतो त्याहून कमीही निघतील. निघू देत. ग्रुपवर हे लिहिलं तर दोन अंगठे आले आणि एक हात जोडलेला. "तिकडे बसून" म्हणणारा गप्प होता. त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. फायली तिथे आहेत आणि मी इथे.

परवा दादाला फोन केला. माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक शिल्लक आहे म्हणाला, नव्या घरात आणली तेव्हापासून उघडलेली नाही, बहुतेक गोधड्या असतील, दिवाळीत बघतो. दादाचं 'बघतो' मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून तिकीट काढलंय.