नदीच्या नादी लागण्याआधी

नदी वाचवायची हुक्की आली असेल तर आधी अभिनंदन. वेळ रविवारी सकाळी सातची ठेवा. ऊन कोवळं असतं, फोटो बरे येतात आणि नऊपर्यंत मिसळ गाठता येते. हातमोजे नवे हवेत. घाटावरच्या पिशव्या, निर्माल्य, फुटक्या तसबिरी मनसोक्त गोळा करा. दिसेल तो कचरा आपला, दिसत नाही तो प्रशासनाचा, ही वाटणी मनाशी पक्की केली की पुढे त्रास होत नाही. नाहीतर कुणीतरी शहाणा सांगायचाच की नदीचा जीव पिशव्यांपेक्षा मैलापाण्याने जास्त जातो. मैलापाणी हातमोज्यात मावत नाही, त्यामुळे तो विषय आपला नव्हे.

भाषणासाठी आकडे मात्र पाठ हवेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशात ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले. त्यांत महाराष्ट्राचे ५३, म्हणजे पहिला नंबर. २०२२ च्या अहवालात देशाचा आकडा ३११ वर उतरला, आपण ५५ वर गेलो. देश मागे हटला तरी महाराष्ट्र डगमगला नाही, हे वाक्य टाळ्या घेतं. श्रोत्यांतून कुणी ‘बीओडी’ काढला तर घाबरू नका. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू गिळतात त्याचं ते माप. आंघोळीच्या पाण्यात ते लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर नको, असा दंडक आहे. नमुना घ्यायची वेळ आलीच तर भर पावसात घ्या. धरणाचे दरवाजे उघडले की सगळ्या नद्या सोवळ्या होतात.

आळंदीत इंद्रायणीवर फेस दिसला तर आधी पंचांग काढून वारी किती दिवसांवर आहे ते बघा. लांब असेल तर तो फेस नव्हे, नुसतं पाणी आहे. जवळ असेल तर चिंता व्यक्त करायला हरकत नाही. तसा हा फेस कपड्यांच्या साबणाचा आणि रसायनांचा. बंधाऱ्यावरून पडताना पाणी घुसळलं जातं आणि तो वर येतो. तेव्हा तक्रार बंधाऱ्याविरुद्ध करावी. तो कुठे पळून जात नाही आणि त्याला वकीलही नाही.

जलपर्णीचंही तसंच. ती मैलापाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसते. म्हणून यंत्र लावून ती उपसायची, तिचं खाणं मात्र चालू ठेवायचं. पाहुण्याला पंगतीतून हाताला धरून उठवायचं आणि त्याच्या पानात पुन्हा वाढत राहायचं, असा हा पाहुणचार आहे. दर वर्षी नव्याने निविदा निघते, कुणाची रोजीरोटी आपण का मोडावी?

घाई तर बिलकूल करू नका. मुळा-मुठेसाठी जपानच्या कर्जाच्या मदतीने ९९० कोटींची योजना २०१६ च्या जानेवारीत मंजूर झाली. ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, क्षमता रोज ३९६ दशलक्ष लिटर, मुदत जानेवारी २०२२. मुदत आली आणि गेली, केंद्रं काही तोवर आली नाहीत. नदीने मात्र एकदाही रस्ता अडवला नाही की निवेदन दिलं नाही. हा संयम तिच्याकडून शिकण्यासारखा आहे.

हवामानबदलावर बोलताना नजर लांब ठेवावी. वितळणारं हिमशिखर, पांढरं अस्वल, असं काहीतरी. जवळ पाहिलं की नाला दिसतो. त्यात साचलेल्या मैल्यातून मिथेन सुटतो आणि तो २० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता कोंडतो. म्हणजे अस्वलाची गोष्ट फिरून आपल्याच संडासापाशी येते. सभेत हे शोभत नाही. पूररेषेवरही जपून बोला. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. कोल्हापूर-सांगलीकडे २०१९ ला महापूर आला आणि २०२१ ला पुन्हा. पुराला अजून नकाशा वाचता येत नाही, एवढंच म्हणा. रेषेच्या आतली एखादी स्कीम पाहण्यात असेल तर तेवढंही म्हणू नका.

हरकती-सूचना जरूर पाठवा, पण मसुदा समजल्याशिवाय. २०२० मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाआधी त्याने पर्यावरणाचं काय होईल हे तपासण्याच्या, नव्या अधिसूचनेचा मसुदा निघाला तो इंग्रजी-हिंदीत. बाकीच्या भाषांत भाषांतर करा, हे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. ज्याच्या विहिरीशेजारी कारखाना येणार त्याला आधी कळलं असतं तर त्याची झोप उडाली असती. सरकारला जनतेच्या झोपेची काळजी असते.

आता खरी धोक्याची सूचना. काहीही करा, पण नाल्याच्या काठाने वर चालत जाऊ नका. घाटावरून निघालात की दहा मिनिटांत हातमोज्यांचा उपयोग संपतो, वीस मिनिटांत नाल्यात पडणारे पाइप दिसू लागतात, आणि त्यांतला एखादा ओळखीच्या कंपाउंडमधून येतो. २०,००० चौरस मीटर बांधकामापासून पुढे गृहप्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्या अटींत स्वतःचं एसटीपी, म्हणजे मैलापाणी शुद्ध करणारं केंद्र, असतं. ते तुमच्याकडेही आहे, पार्किंगच्या पलीकडे, कुलूप लावलेलं. त्यातल्या जिवाणूंना सतत हवा लागते, हवेला ब्लोअर आणि ब्लोअरला वीज. मागच्या वार्षिक सभेत कुणीतरी उठून म्हणालं होतं की ब्लोअर बंद ठेवले तर मेंटेनन्स कमी होईल. ठराव एकमताने मंजूर. इतिवृत्तात अनुमोदक म्हणून नाव तुमचंच आहे.

सेक्रेटरींना सांगून ते पान बदलून घ्या. रविवारी सातला घाटावर भेटूच.